पाहून लिहिणाऱ्यांचे दशक

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असताना, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची मुळात न घडलेली वार्ता काही वाहिन्यांच्या निवेदकांनी रणक्षेत्रापासून शेकडो मैल दूर बसून ज्या उन्मादाने सांगितली, ती ऐकताना वृत्तपत्राच्या दप्तरात हयात घालवलेल्या मला संताप तर आलाच. परंतु त्याहून अधिक, ज्या दशकात मी या व्यवसायात उमेदवारी केली त्या दशकातील माणसांची तीव्र आठवण झाली.

क्रिमियाच्या युद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा युद्धवार्तांचा इतिहास ग्रंथांतून विपुल आहे. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. माझे मन घुटमळते ते १९७१ सालापाशी. त्या फेब्रुवारीत लाओसमध्ये हेलिकॉप्टर पाडले गेले आणि व्हिएतनामचे युद्ध वर्षानुवर्षे टिपणारे लॅरी बरोज तीन सहकारी छायाचित्रकारांसह मृत्युमुखी पडले. मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने डाक्क्यातील परदेशी बातमीदारांची देशाबाहेर रवानगी केली, तेव्हा सायमन ड्रिंग यांच्यासारखा एखादाच हॉटेलात लपून राहिला आणि जळालेले शहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच बाहेर पडला.

पण त्या वर्षाच्या स्मरणाबरोबर प्रथम उभे राहतात ते अँथनी मस्कारेन्हस. बेळगावात जन्मलेले, गोमंतकीय घराण्यातले, कराचीत वाढलेले हे गृहस्थ लष्कराने एप्रिलमध्ये पूर्व पाकिस्तानात फिरवून आणलेल्या आठ पत्रकारांपैकी एक होते. तेथे सारे सुरळीत असल्याचा निर्वाळा त्यांनी द्यावा ही सरकारची अपेक्षा. सातांनी ती पुरवली. मस्कारेन्हसांनी मात्र बहिणीच्या आजाराचे निमित्त सांगून लंडन गाठले, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड एव्हान्स यांच्यापुढे आपण पाहिलेल्या संहाराची संपूर्ण जबानी दिली, संशय येऊ नये म्हणून पुन्हा कराचीला परतले, पत्नीला व पाच मुलांना देशाबाहेर काढले आणि मग स्वतः खुष्कीच्या मार्गाने अफगाण सरहद्द ओलांडली. १३ जून १९७१ रोजी त्या जबानीचा लेख ‘संडे टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एका लेखासाठी संबंध कुटुंबाने कराचीतले घरदार, नोकरी आणि गणगोत मागे टाकले.

त्याच सुमारास सीमेवरील निर्वासितांच्या छावण्या पाहून परतलेला आमचा एक सहकारी रात्री निजेनासा झाला, बोलता बोलता गप्प होऊन भिंतीकडे पाहत बसू लागला. आणि त्याच्या रजेच्या अर्जावर व्यवस्थापनाने ‘कामचुकारपणा’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याला मी क्षमा केलेली नाही. या व्याधीची शास्त्रशुद्ध मोजदाद व्हावयास २००२ साल उजाडले: मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी १४० युद्धवार्ताहरांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत २८.६ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार जडल्याचे आढळले. आमच्या सहकाऱ्याला त्याचा उपयोग होणार नव्हता.

प्रत्यक्ष जाऊन पाहणारे आज संपले आहेत, असे मात्र नाही. छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानातील स्पिन बोल्दाक येथे मारले गेले. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी बातमीदारांना स्वतंत्र प्रवेश नाकारलेल्या गाझात तेथलेच पत्रकार, स्वतःच्या आप्तांना पुरून पुन्हा कामावर उभे राहत, एकामागून एक बळी पडले. वृत्तपत्रांच्या व वाहिन्यांच्या मालकांकडे माझे मागणे एवढेच आहे, की ज्याला तुम्ही रणभूमीवर धाडता त्याच्या विम्याची, परतल्यावर मानसोपचारांची आणि भरपगारी रजेची तजवीज प्रवासखर्चाबरोबरच करा. आणि ज्यांच्या बातम्या तुम्ही विकत घेता, परंतु ज्यांना नेमणूकपत्र देत नाही, त्या स्थानिक बातमीदारांनाही ती लागू करा.