अंडं तयार असेल तरच

कटला, रोहू आणि मृगळ तळ्यात उत्तम वाढतात. पावसाळ्याच्या तोंडावर मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. तिला नदीचा पूर हवा असतो. त्यामुळे एके काळी मत्स्यशेती मुख्यतः नदीच्या भरवशावर चाले. पुरात जाळी लावून पिल्लं धरायची आणि त्यांत रोहू किती, निरुपयोगी मासे किती, हे ती वाढल्यावर कळायचं.

ही कोंडी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे फुटली. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र तेव्हापासून एक अनुभव प्रत्येक मत्स्यबीज केंद्राला येतो. एकाच तळ्यातल्या दोन माद्यांना सारखीच मात्रा दिली, तरी एक अंडी घालते आणि दुसरी घालत नाही. याचं कारण बहुतेकदा औषधात नसतं, अंड्यात असतं.

संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं, पण ज्या पेशीवर त्याला धरणारं प्रथिन, म्हणजे ग्राही असेल, तिथेच त्याचं काम होतं. अंड्याभोवतीच्या पेशींवर पीयूषिकेच्या संप्रेरकांचे ग्राही असतात. या संप्रेरकांच्या प्रभावाखाली त्या पेशी इस्ट्राडायोल हे संप्रेरक बनवतात. ते यकृताला पीतक-प्रथिन तयार करायला लावतं. हे प्रथिन रक्तातून अंडाशयात येतं, अंडं ते स्वतःच्या ग्राहींनी ओढून घेतं आणि फुगत जातं.

इथेच वाढ-घटक, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिनं, महत्त्वाचे ठरतात. इन्सुलिनसदृश वाढ-घटक मुख्यतः यकृतात तयार होतो. मासा उपाशी राहिला की त्याचं प्रमाण घटतं. अंडाशयात त्याचेही ग्राही आहेत, आणि काही जातींत तो अंड्याला पक्वतेसाठी सज्ज करतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. मादीने काय खाल्लं, ही खबर अंड्यापर्यंत पोचते ती अशी.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. जपानमधल्या ओकाझाकी इथे योशिताका नागाहामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अमागो साल्मनमध्ये अंडं पक्व करणारं स्टेरॉइड संप्रेरक ओळखलं. ते अंड्याच्या आत टोचलं तर काम करत नाही, बाहेरून लागलं तरच करतं. त्याचा ग्राही पृष्ठभागावर असला पाहिजे, हे त्यावरून उघड झालं. २००३ साली टेक्सासमध्ये पीटर थॉमस यांच्या गटाने सी-ट्राउट माशाच्या अंडाशयात असा पेशीपटलावरचा ग्राही शोधला. पीयूषिकेच्या संप्रेरकामुळे या ग्राहींची संख्या वाढते आणि मगच अंडं स्टेरॉइडला प्रतिसाद देतं. ग्राही पुरेसे नसतील, तर स्टेरॉइड येऊनही अंडं तसंच राहतं.

पीयूषिकेवर मेंदूतल्या डोपामिनचा लगामही असतो. कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी हा लगाम सैल करणारं औषध आणि मेंदूतल्या प्रजनन-संप्रेरकाचं कृत्रिम प्रतिरूप एकत्र द्यायची पद्धत घडवली. आपल्याकडे वापरलं जाणारं ओव्हाप्रिम हे औषध याच तत्त्वावर चालतं. पीयूषिकेचा अर्क मादीला सहा तासांच्या अंतराने दोनदा टोचावा लागे. ओव्हाप्रिम एकदाच पुरतं. सोय मोठी झाली, पण हे औषध माशाच्या स्वतःच्या पीयूषिकेला जागं करतं. पुढचं सगळं काम मादीच्याच शरीराला करायचं असतं.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जगणारा ढिवर समाज असो की धरणाच्या जलाशयातली मच्छीमार संस्था, त्यांचं वर्ष वेळेवर मिळणाऱ्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर ठरतं. बोटुकली मत्स्यजिऱ्यातून, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांतून येते आणि मत्स्यजिरं प्रजनक मादीतून. त्या मादीची देखभाल जूनमध्ये नव्हे, हिवाळा सरता सरता सुरू व्हायला हवी. नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात, दाटी टाळावी, पेंड आणि कोंड्याचं खाद्य नियमित द्यावं, पाणी बदलावं. पोट मऊ आणि जननछिद्र लालसर झालेलीच मादी निवडावी. कच्च्या मादीला मात्रा वाढवून टोचू नये.

बीज केंद्रांच्या अंदाजपत्रकात औषधाची तरतूद असतेच. प्रजनक माशांच्या खाद्याला आणि तळ्याला त्याहून वरचं स्थान द्या, एवढीच ही केंद्रं चालवणाऱ्यांना विनंती आहे.