गाडीला सेहेचाळीस मिनिटं

रशियन कौटुंबिक नाटक म्हटलं की सामोवार, लांब कोट आणि त्याहून लांब पॉझ डोळ्यांपुढे येतात. त्यावर दिग्दर्शकांचा ठरलेला उपाय म्हणजे पात्रांना जीन्स घालायची आणि हातात मोबाइल द्यायचा. आन्तोन चेखवच्या ‘चेरीची बाग’ला याची गरज नाही. कर्जात बुडालेली जमीनदारीण, २२ ऑगस्टला ठरलेला लिलाव, आणि ‘बाग तोडा, प्लॉट पाडा, उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्या’ असं कानीकपाळी ओरडणारा लोपाखिन. याचे बापजादे याच इस्टेटीवर भूदास होते. आजच्या प्रेक्षकाला यात काय समजावून सांगायचं?

खरी अडचण वेगाची, आणि ती पहिल्या प्रयोगापासूनची. जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने हे नाटक केलं. चेखवच्या मते ती कॉमेडी होती, दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीला तीत शोकांतिका दिसली. जो चौथा अंक फार तर १२ मिनिटांत संपावा तो ४० मिनिटं चालतो, अशी चेखवने पत्रातून तक्रार केली. तीही पत्नी ओल्गा क्निपरकडे, म्हणजे प्रयोगातल्या नायिकेकडेच!

बारा मिनिटं म्हणजे रागाच्या भरातला हिशेब. पण घड्याळ संहितेतच आहे. अंक सुरू होताच लोपाखिन बजावतो, गाडीला ४६ मिनिटं उरलीत, विसात निघायला हवं. मग मधेच त्याला जमीनदारणीच्या मानलेल्या मुलीसोबत, वार्यासोबत, एकटं सोडतात. आता तरी तो मागणी घालेल, अशी सगळ्यांची आशा. वार्या सामानात काहीतरी शोधत राहते. तो थंडीचा विषय काढतो, शून्याखाली तीन अंश असेल म्हणतो. ती म्हणते, आमचं थर्मामीटर फुटलंय. बाहेरून हाक येते आणि हा सुटल्यासारखा पळतो. वाक्यावाक्याला सुस्कारे टाकले की हा प्रवेश रडका होतो. भरभर केला तर आधी हसू येतं, आणि हसता हसता कळतं की एका मुलीचं आयुष्य आत्ता हातचं गेलं.

म्हाताऱ्या नोकराचं, फिर्सचंही तेच. त्याला इस्पितळात पोचवलं का, असं विचारलं जातं, उत्तरही मिळतं, पण खात्री कुणीच करत नाही. रंगमंचावर खरी धांदल असेल तरच हे पटतं. सगळे निवांत वावरत असतील तर ही माणसं नुसतीच निर्दय वाटतात.

दिग्दर्शक पीटर ब्रुकने १९८१ मध्ये पॅरिसच्या बूफ द्यू नॉर नाट्यगृहात हे ओळखलं. जमिनीवर गालिचे, फर्निचर जवळपास नाही, आणि मध्यंतराशिवाय सुमारे दोन तासांत नाटक संपलं. आपल्याकडे मध्यंतर आणि बटाटेवडा टळत नाहीत, हे मान्य. मग ते दुसऱ्या अंकानंतर घ्यावं. लिलावाच्या बातमीपासून गाडी सुटेपर्यंत प्रेक्षकाला जागचं उठू देऊ नये.