लांबलहरींची खरखर

शाळेसाठी घेतलेल्या छोट्या रेडिओवर एस्. डब्ल्यू. आणि एम्. डब्ल्यू. यांच्या शेजारी एल्. डब्ल्यू. अशीही अक्षरे असतात. खटका तिकडे सरकवावा, तर नुसती खरखर! मग मंडळी संच घेऊन निघतात दुरुस्तीला. जरा थांबा.

एल्. डब्ल्यू. म्हणजे लांबलहरी. रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. केंद्र २०० किलोहर्ट्झवर असेल, तर सेकंदात अशा दोन लाख लहरी निघतात. भागाकार मुलांनाच करू द्या. एक लहर दीड किलोमीटर लांबीची निघेल! तिथे आपली हातभर एरियल काय पुरणार? बहुतेक छोट्या संचांत ती लघुलहरींच्या कामाची. मध्यम आणि लांब लहरी धरते ती संचाच्या पोटातली, तारेची वेटोळी घातलेली काळी फेराइटची कांडी. म्हणून एरियल कितीही ताणा, एल्. डब्ल्यू.वर फरक पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. जगाच्या वाटणीत हा पट्टा प्रसारणासाठी मिळाला तो युरोप, आफ्रिका आणि उत्तर आशियाकडच्या मुलखाला, भारताला नाही. संच मात्र साऱ्या बाजारपेठांसाठी एकच बनतो, म्हणून ती अक्षरे आपल्याकडेही येतात. शिवाय तिकडची केंद्रेही एकेक बंद होत आहेत. जर्मनीची २०१४च्या अखेरीस थांबली, आयर्लंडचे २०२३ साली. तेव्हा आपल्या गावी तिथे काही न लागणे हा संचाचा दोष नव्हे.

मग कांडी शाबूत आहे की नाही, हे कसे कळावे? मध्यम लहरींवर एखादे दूरचे, क्षीण केंद्र लावा आणि संच पाटावर ठेवून हळूहळू फिरवा. कांडी केंद्राकडे आडवी असता आवाज मोठा येतो. तिचे टोक केंद्राकडे वळले की आवाज दबतो. दबण्याची जागाच जास्त नेमकी सापडते. वर्गात खडूने ती दिशा आखून घ्यावी, नकाशाशी ताडून पाहावी. मुलांना मोठी गंमत वाटते.

खरखर फारच असेल, तर घरातला वीजप्रवाह मुख्य खटक्यावरून बंद करा आणि संच सेलवर चालवा. खरखर गेली? मग एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर, दूरदर्शन संच यांपैकी कोणीतरी चोर आहे. एकेक सुरू करीत जा, सापडेल. न गेल्यास शेजाऱ्याकडे किंवा विजेच्या तारांकडे संशय न्यावा आणि संच घेऊन मोकळ्या शेतात जावे.

जवळच मोठे मध्यमलहरी केंद्र असेल, तर तेच कधी एल्. डब्ल्यू.वर घुसते. संच वळवून ते दबते का पाहा.

एवढे करूनही संच कोणाच्या हाती द्यावाच लागला, तर एक बजावून सांगा : कांडीवरची वेटोळी मेणाने जागीच बसविलेली असतात, ती सरकवू नका. एल्. डब्ल्यू.च्या नादात ती हलली, की चांगल्या लागणाऱ्या मध्यम लहरीही बिघडतात.