रेषा दिल्लीत, दगड शेतात, ग्रामसभा कुठे?

महामार्गाची रेषा मुंबईत किंवा दिल्लीत आखली जाते. गावाला ती कळते केव्हा? मोजणीवाले शेतात उतरतात आणि खुणेचे दगड रोवले जातात तेव्हा! अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला हे नवे नाही. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला. सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीत संगमनेर, राहाता, राहुरी, नगर हे तालुके आले. या सर्व व्यवहारात ग्रामपंचायतीचे स्थान कोणते, हा आमचा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. सरकार तिचे कौतुक करते. मग गावाच्या शिवारातून जाणाऱ्या सहापदरी रस्त्याबद्दल ग्रामसभेला मत का नसावे?

कायदा काय सांगतो ते पाहू. ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली. तिच्यातील २९ विषयांत रस्ते व पूलही आहेत. २०१३च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४ सांगते की, जमीन घेण्यापूर्वी संबंधित पंचायतीशी विचारविनिमय करून प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा. कलम ५ जनसुनावणी सांगते. पण मेख पुढे आहे. कलम १०५ने १३ केंद्रीय कायदे यातून वगळले आणि त्यांत राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ आहे. २०१५च्या आदेशाने मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी महामार्गांना लागू झाल्या, सामाजिक अभ्यास मात्र झाला नाही. २०१८मध्ये राज्यानेही दुरुस्ती करून आपला महामार्ग कायदा बाहेर काढला. म्हणजे ज्या प्रकल्पांना सर्वांत जास्त जमीन लागते, त्यांनाच गावाला विचारण्याचे बंधन नाही!

याचा पहिला फटका कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला निदान नोटीस येते. त्याच शेतात पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या भूमिहीन मजुराला काय येते? २०१३च्या कायद्याच्या व्याख्येत, तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट भरणारा शेतमजूरही 'बाधित कुटुंब' आहे. पण पाहणीच झाली नाही तर त्याची नोंद करणार कोण? महार वतनाच्या जमिनींचे दुखणे वेगळेच. १९५८च्या कायद्याने त्या नवीन शर्तीवर परत मिळाल्या. अनेक ठिकाणी वारसांची नोंदच झालेली नाही. असे कागद घेऊन लोक आमच्याकडे येतात, तेव्हा बहुधा मुदत टळलेली असते.

कोणी विचारील, बाबासाहेबांनी तर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाचा बुरखा फाडला होता, मग तुम्ही ग्रामसभेची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) याच जिल्ह्यात घडले. गाव म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आम्ही पाटलाच्या चावडीची नव्हे, कलम २४३-डीने अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना जागा दिलेल्या पंचायतीची बाजू घेतो. चावडीवर आमचा माणूस हात जोडून उभा असे. ग्रामसभेत तो मतदार म्हणून बसतो. हा फरक संविधानाने केला आहे.

आम्ही प्रकल्पांच्या विरोधात नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच दामोदर खोरे प्रकल्पाच्या नियोजनाला दिशा दिली. निळवंडे धरणाची कल्पना १९७०ची, डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३चे. पाण्यासाठी ५३ वर्षे वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला विकासाचे महत्त्व कळते. पण विकासाची किंमत कोण मोजतो, हे विचारायचेच नाही का? ओडिशातील नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ग्रामसभांना विचारले गेले आणि १२च्या १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. विचारले तर गाव बोलते. अकोल्याच्या अनुसूचित क्षेत्रात तर पेसा कायदा, १९९६ भूसंपादनापूर्वी सल्लामसलत बंधनकारक करतो. मैदानी गावांना तोच मान का नको?

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही. राष्ट्रीय महामार्गाची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीसाठी फक्त २१ दिवस मिळतात. त्या मुदतीत विशेष ग्रामसभेची लेखी मागणी करा. भूमिहीन कुटुंबांची नावे, वस्तीचा रस्ता, स्मशानभूमी, भुयारी मार्गाची जागा हे सारे ठरावात नोंदवून घ्या. ठरावाची प्रत सक्षम प्राधिकाऱ्याकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. वतनी जमिनीच्या वारसनोंदी आजच करा. ठरावाने महामार्ग थांबेलच, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, त्याच्यासाठी न्यायालयात आम्ही काय दाखवायचे?

बांधवांनो, पुढच्या ग्रामसभेला वस्तीतला एकही माणूस घरी राहता कामा नये!