गंज, वारा आणि वाळू

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा भाग आहे. पुण्यास अभियांत्रिकी शिकून खडकवासल्याच्या धरणावर 1903 साली स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या विश्वेश्वरय्यांच्या नावाची औद्योगिक वसाहत येथेच आहे. आता तिच्या आसपास संगणकक्षेत्रातील कार्यालये आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे या भागात राहतात. घर कोठेही असो, त्यात लोखंड असतेच. फाटक, खिडकीची जाळी, बिजागऱ्या, गावाहून आणलेली जुनी सायकल. दोन पावसाळे गेले, की या साऱ्यांवर तांबूस पापुद्रे दिसू लागतात.

हा गंज तारेच्या ब्रशाने आणि काचकागदाने घासून काढण्याची रीत जुनी आहे. परंतु ते काम कष्टाचे, आणि कोपऱ्याकंगोऱ्यांत हात पोचत नाही. म्हणून वाळूचा मारा करणारी लहान यंत्रे, म्हणजे ‘सँडब्लास्टर’, घरगुती उपयोगासाठी विकत घेतली जातात. असे यंत्र घ्यावे काय, घेतल्यास कोणते घ्यावे आणि त्यात काय भरावे, असे तीन प्रश्न येथे उभे राहतात. त्यांतील तिसरा सर्वांत महत्त्वाचा. दुर्दैवाने तोच सर्वांत शेवटी विचारला जातो.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा तोटीतून वेगाने बाहेर पडते आणि आपल्याबरोबर कठीण कण नेते. ते कण गंजावर आदळून त्याच्या खपल्या उडवितात. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन संशोधकाने 1870 साली या युक्तीचे पेटंट घेतले. त्याने वापरली ती वाळू, आणि यंत्रालाही वाळूचेच नाव चिकटले. घात होतो तो या नावानेच.

वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा. गारगोटीचा कण लोखंडावर आदळून फुटला, की डोळ्यांना न दिसणारी धूळ हवेत पसरते. ती फुप्फुसांत खोलवर जाऊन बसते व तेथे व्रण निर्माण करते. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस परत मिळवून देणारे औषध त्यावर नाही. याचा दाखला शोधायला दूर जावयास नको. महादेवपुऱ्याच्या जवळून जाणारा जुना मद्रास रस्ता ज्या कोलारकडे जातो, तेथील सोने गारगोटीच्या शिरांतच होते. 2001 साली त्या खाणी बंद झाल्या. पण त्याआधी ती गारगोटी फोडणाऱ्या अनेक कामगारांना या रोगाने गाठले होते.

ब्रिटनने 1949 सालच्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी वाळूचा मारा करण्यास बंदी घातली. कापडाला जुनेपणाची छटा देण्यासाठी वाळू मारणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यावर तुर्कस्ताननेही 2009 साली तेथे ती बंद केली. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. परंतु कारखान्यावर निरीक्षक असतो. घराच्या गच्चीवर तो नसतो. तेथे मालकाचा विवेक हाच निरीक्षक.

शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून यंत्रात भरण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे. ती नदीची नसून यंत्राने दगड फोडून केलेली आहे, एवढ्याने ती निर्धोक ठरत नाही; ग्रॅनाइटमध्येही गारगोटी भरपूर असते. वाळूऐवजी गार्नेटचा चुरा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्यावे. दोन्ही कठीण आहेत, आणि पेटीत गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येतात. काचेचे बारीक मणी पृष्ठभाग उजळतात, पण जाड गंजापुढे हरतात. अक्रोडाच्या कवचाचा भुगा किंवा खाण्याचा सोडा रंग वा मळ काढण्यास ठीक. खोल गंजास ते पुरे पडत नाहीत.

आता यंत्राकडे वळू. पिस्तुलासारखे साधन स्वस्त असते. खरा खर्च हवेचा. चौरस इंचास 80 पौंड दाब असता 2 मिलिमीटर व्यासाच्या तोटीस मिनिटाला सुमारे 7 घनफूट हवा लागते, 3 मिलिमीटरच्या तोटीस सुमारे 15. कॉम्प्रेसर एका अश्वशक्तीमागे साधारणतः 3 ते 4 घनफूट हवा देतो. याचा अर्थ असा, की 2 अश्वशक्तीचे यंत्र लहान तोटीलाच कसेबसे पुरते. शिवाय तोटी झिजते, आणि 2 ची 3 मिलिमीटर झाली की हवेची मागणी दुपटीहून वाढते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे; येथील हवा मुंबईच्या मानाने जवळजवळ दशांशाने विरळ असल्याने तेच यंत्र येथे थोडे तोकडे पडते. म्हणून विकत घेताना जाहिरातीतील मोठा आकडा न पाहता प्रत्यक्ष मिळणारी हवा किती, हे विचारावे. हवेतील पाणी अडविणारा सापळाही घ्यावा. अन्यथा दमट चुरा तोटीत अडकतो.

घरासाठी योग्य साधन म्हणजे काचेची खिडकी आणि हातमोजे बसविलेली बंद पेटी. बिजागरी, सायकलचे सुटे भाग, हत्यारे तीत साफ होतात आणि धूळ पेटीतच राहते. तीस धूळ ओढणारा पंखा व गाळणी जोडावी, आणि तोंडावर नीट बसणारा धूळरोधक मुखवटा घालावा; रुमाल बांधून काही साधत नाही. कानांचेही रक्षण करावे. फाटकासारखी मोठी वस्तू दाट वस्तीत उघड्यावर साफ करू नये, कारण ती धूळ शेजाऱ्यांच्या घरांत जाते. जुन्या रंगात शिसेही असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. असे काम बंदिस्त खोलीत माऱ्याची सोय असलेल्या कारखान्याकडे द्यावे, आणि तेथेही वाळू वापरीत नाहीत ना, याची चौकशी करावी.

गंज निघाल्यावर लोखंड स्वच्छ, खरखरीत आणि उघडे पडते. रंग धरण्यास ही स्थिती उत्तम. पण नवा गंज चढण्यासही तितकीच अनुकूल. पावसाळ्यात काही तासांतच पिवळसर झाक येते. म्हणून भुकटी झटकून, हात न लावता, त्याच दिवशी अस्तराचा रंग द्यावा.

चार बिजागऱ्यांसाठी एवढा खटाटोप करावा काय? बहुधा नको. लहान वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून, घासून, धुऊन लगेच कोरडी केली तरी काम भागते. गंजाने लोखंड झिजले, तर दुसरे विकत मिळते. फुप्फुसांची गोष्ट तशी नाही, आणि यंत्राची निवड करताना हिशेब याच टोकापासून मांडावयाचा असतो.