शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

आमच्या शाळेची शेवटची घंटा साडेचार वाजतां होते. तेथून दिवेलागणीपर्यंत जे दोन-अडीच तास उरतात, त्यांचा हिशेब कोणत्याहि हजेरीपटावर नसतो. सुस्थितींतील मुलगा या वेळांत शिकवणीस जातो, तबला शिकतो, पोहावयास जातो. निदान घरीं चहा घेऊन पुस्तक तरी उघडतो. गरिबाघरचीं मुलें त्याच वेळांत काय करितात, हें वीस वर्षें शिक्षकी करूनहि आम्हांस नीट ठाऊक नव्हतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं जून महिन्यांत आम्हीं नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं शाळेंतच सायंकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. फी नाहीं, दोन शिक्षक हजर, वाचनालय खुलें, आणि आठवड्यांतून दोन दिवस व्हॉलीबॉल. फळ्यावर नोटीस लावली. खोली भरली, पण भरली ती कोणी? ज्यांच्या घरीं अभ्यासाची वेगळी खोली आहे, तेच पुढल्या बाकांवर बसले. ओढ्यापलीकडील ज्या वस्तीसाठीं हा सारा खटाटोप, तेथून तीन-चार मुलें आलीं, आणि गणपतीच्या सुटीनंतर तींहि दिसेनाशीं झालीं. "यांना शिकावयाचेंच नाहीं," असें शिक्षकांच्या खोलींत आम्हींच म्हटलें. तें वाक्य येथें लिहितांना संकोच वाटतो.

दिवाळीपूर्वीं एके सायंकाळीं आम्ही त्या वस्तींत गेलों. ज्या मुलीचें नांव आम्हीं पहिल्यानें घेतलें, तिची आई नळावरच भेटली. ती म्हणाली, "सर, तुमचा वर्ग चांगला हाय, पर पाणी साडेपाचला येतं. पोरगी तिकडं बसली तर हंडे कोण भरणार? मी कामावरनं येते तवर नळ गेलेला असतो." आमचा वर्ग पांच ते साडेसहा, नळ साडेपांच ते सवासहा. वेळापत्रक आंखतांना आम्हीं शिक्षकांची सोय पाहिली, मैदानावरील उजेड पाहिला. नळाची वेळ कोणीं विचारली नव्हती. त्याच मुलीच्या कडेवर दीड वर्षांचा भाऊ होता. त्यास घेऊन वर्गांत आलेलें चालेल काय, असें तिनें एकदां विचारलें होतें म्हणे, आणि आमच्यापैकीं कोणीं तरी "नाहीं" म्हटलें होतें.

दुसरा एक मुलगा चुलत्याच्या वडापावाच्या गाडीवर कांदा चिरीत होता. यांत बेकायदा कांहीं नाहीं. बालकामगारांच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांस नोकरीस ठेवण्याची सर्वत्र बंदी झाली; परंतु कुटुंबाच्या धंद्यांत, तो धोक्याचा नसेल तर, शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशीं हात लावण्याची मोकळीक राहिली. कुटुंबांत काका-मामाहि धरले आहेत. १४ ते १८ वयाच्या मुलांस तर केवळ धोक्याच्या कामांची मनाई आहे. म्हणजे ज्या तासांत आम्ही वर्ग भरवितों, त्याच तासांत कायदा व गरिबी दोन्ही मिळून मुलास कामावर पाठवितात. त्याच्या आळसाचा येथें संबंध काय?

भुकेची गोष्ट आम्हांस सर्वांत उशिरां समजली, कारण ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. केंद्र सरकारच्या योजनेनें शाळेंत दुपारचें जेवण मिळतें, तें आठवीपर्यंत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाहि ६ ते १४ वर्षांपुरताच आहे. आठवींत असेतोंपर्यंत ज्या मुलास दुपारीं खिचडी मिळत होती, तोच नववींत गेला कीं ताट बंद. आणि हें नेमकें शरीर वाढीच्या वयांत. सकाळीं चहा-चपाती खाऊन आलेला पंधरा वर्षांचा मुलगा सायंकाळीं पांच वाजतां भूमितीचा सिद्धांत कसा ऐकेल? अमेरिकेंत गरीब वस्तींतील असे वर्ग चालविणाऱ्यांस सरकारी खर्चानें मुलांना फराळ देतां येतो, आणि २०१० च्या कायद्यानें रात्रीच्या जेवणाचीहि सोय देशभर झाली. तेथें खाणें हा वर्गाचाच भाग समजतात. आमच्याकडे तो खर्चाच्या यादींतहि नव्हता.

राहिला रस्ता. आपल्या राज्यांत खेड्यांतील मुलींस शाळेसाठीं एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही मोठी सोय आहे. परंतु पास असून गाडी नसेल तर काय करावें? शाळेच्या वेळची गाडी चुकली कीं पुढची अंधार पडल्यावर. अंतराचें महत्त्व बिहारमध्यें फार स्पष्ट दिसलें. तेथील सरकारनें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींस सायकली देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत आढळलें कीं, त्या वयाच्या मुलींची भरती सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढली, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून ३ किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गांवांत झाली. शाळा तीच, शिक्षक तेच. मधला रस्ता तेवढा तुटला.

रस्ता तोडण्याची दुसरी रीत म्हणजे आपणच वस्तींत जाणें. ती नवी नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत १८५५ सालीं कष्टकऱ्यांसाठीं रात्रशाळा काढली, ती त्यांच्या कामाची वेळ पाहूनच. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं १९२७ सालीं नागपाडा नेबरहुड हाउस उघडलें, तें ऐन दाट वस्तींत. आजूबाजूस हिंदु, मुसलमान, यहुदी, सर्व प्रकारचे लोक. त्यांच्यासाठीं वाचनालय, वर्ग, खेळ व दवाखाना एकाच छपराखालीं होते. शेजाऱ्यांत राहावें, त्यांची गरज पाहावी, मग काम ठरवावें, हा तेथील क्रम होता. समाजकार्य शिकविणारी देशांतील पहिली संस्था १९३६ सालीं याच जागेंत सुरू झाली व मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. पुढें तिलाच टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. आम्ही मिशनच्या शाळेंत शिकलों, तेथेंच शिकवितों, आणि तरीहि नोटीस लावून स्वस्थ बसलों होतों, हें विशेष.

जानेवारीपासून आम्हीं वर्ग वस्तींतील समाजमंदिरांत हलविला. वेळ साडेसहा ते आठ. म्हणजे हंडे भरून होतात. धाकटीं भावंडें आणण्यास मुभा आहे. त्यांच्यासाठीं एका कोपऱ्यांत सतरंजी व पाटी-खडू ठेविले आहेत. गोंगाट होतो, पण चालतें. आरंभीं प्रत्येकास मूठभर उकडलेले हरभरे व गूळ मिळतो. हा खर्च माजी विद्यार्थी करितात. मुलींस घरीं पोहोंचविण्याचें काम वस्तींतील दोन आजीबाईंनीं आपण होऊन घेतलें, आणि त्या दिवसापासून मुलींची संख्या वाढली. आमच्या शब्दापेक्षां त्यांच्या शब्दावर आयांचा विश्वास अधिक, आणि तो योग्यच आहे. व्हॉलीबॉल मात्र सुटला, कारण तेथें मैदान नाहीं. याचें मुलांना वाईट वाटतें, आम्हांसहि.

गाडीवरचा तो मुलगा अजून रोज येत नाहीं. साडेसहा ते आठ हीच विक्रीची वेळ. त्याच्या चुलत्याशीं आम्ही दोनदां बोललों. सोमवारीं गाडी बंद असते असें कळलें, म्हणून गणिताचा तास आतां सोमवारीं ठेविला आहे. मागल्या तीन सोमवारीं तो आला. समाजमंदिरांत दिवा एकच आहे. ज्या पालकांस दुसरा देतां येईल, त्यांनीं शाळेच्या कचेरींत कळवावें.