धुरंधरांची चित्रे प्रत्यक्ष पाहताना

डोळ्यांना दिसणारा माणूस, त्याच्या अंगावरचा उजेड, कपड्याची चुणी आणि मागचे अंतर कागदावर किंवा कॅनव्हासवर जसेच्या तसे उभे करण्याचा प्रयत्न म्हणजे वास्तववादी चित्रकला. महाराष्ट्रात ही पद्धत रुजली ती 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून अभ्यास, छायाप्रकाश, यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) असा तिथला क्रम असे. या शिस्तीतून तयार झालेल्या पहिल्या पिढ्यांतले मोठे नाव म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म 1867 चा, कोल्हापूरचा. 1890 मध्ये ते विद्यार्थी म्हणून जे. जे.मध्ये आले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि 1931 मध्ये निवृत्त झाले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हेच नाव दिले. 1895 मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. 1944 मध्ये त्यांचे निधन झाले. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. काळा घोडा भागातल्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये हे संग्रहालय 1996 पासून आहे. आतली दालने अर्धवर्तुळाकार असून जिन्याने एकावर एक चढत जातात, त्यामुळे एकच भिंत जवळून आणि दुरून अशी दोन्हीकडून पाहता येते. वास्तववादी चित्रांना ही सोय फारच मानवते.

कारण ही चित्रे दोन अंतरांवरून पाहायची असतात. दुरून तैलचित्रातले रेशीम रेशीमच वाटते. हातभर अंतरावर गेले की तिथे रेशीम नसते, जाड रंगाचे दोन-तीन धीट फटकारे असतात. सावलीत रंग पातळ आणि उजेडावर जाड, हे तैलरंगातले जुने तंत्र छापील पुस्तकात सपाट होऊन जाते. जलरंगाचे गणित उलटे. तिथे पांढरा रंग बहुधा लावायचाच नसतो. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवायचा असतो. एकदा जागा भरली की ती परत मिळत नाही. पागोट्यावरचा किंवा पाण्यावरचा लखलखाट म्हणजे हात आवरून राखलेली कोरी जागा असते, आणि धुरंधरांची खरी हुकमत तिथे कळते.

प्रेक्षक साहजिकच शिवराज्याभिषेकासारख्या भव्य प्रसंगांकडे ओढला जातो. पण वेळ थोडा असेल तर तो छोट्या कामांना द्यावा. मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे, पोस्टकार्डांसाठी केलेली चित्रे, 1912 च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' आणि 1920 च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकांतली चित्रे यांत शंभर वर्षांपूर्वीचा समाज वेशभूषेसह, उभे राहण्याच्या लकबीसह सापडतो. नऊवारीचा काष्टा, डोक्यावरचा पदर, पागोट्याचा बांध यांवरून माणूस कुठल्या समाजाचा हे ओळखू यावे इतकी ती नेमकी आहेत.

लग्न हा धुरंधरांचा आवडता विषय. पाठारे प्रभू कुटुंबातला लग्नसोहळा त्यांनी दागिन्यांसकट, चेहऱ्याचेहऱ्यावरच्या भावांसकट रंगवला. डहाणू-तलासरीकडच्या प्रेक्षकाला इथे थांबावेसे वाटेल, कारण वेवजीसारख्या गावांच्या या परिसरात वारली घरांतही लग्नातच चित्र उमटते. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी बसते. तिथे सावली नाही, यथादर्शन नाही. त्रिकोणांतून माणूस होतो. एकात ते विशिष्ट लग्न, ती विशिष्ट माणसे; दुसऱ्यात सगळ्याच लग्नांना लागणारी देवी. वास्तववादाला कौशल्याची शेवटची पायरी मानणे म्हणूनच चूक आहे. या भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे काम 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागले आणि शहरातल्या रसिकांना ही दुसरी दृष्टी दिसली.

चित्रे पाहायला मुंबईला यायचे तर डहाणू रोडहून चर्चगेटला लोकल जाते आणि तिथून काळा घोडा चालत गाठता येतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते. त्याच रस्त्यावर 1952 मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे आजचे वास्तववादी चित्रकारही प्रदर्शने भरवतात. साताऱ्याकडे जाणे झाले तर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात धुरंधरांची मूळ चित्रे पाहता येतात.